आवाज तोच, मूठ वेगळी

श्रोतेहो, शेतात खुरपायला बसलेल्या बायांकडे कधी नीट पाहिले आहे का? पाती सगळी एकाच लोहाराकडची, एकाच भात्यावर तापवलेली; पण मूठ मात्र ज्या त्या हाताची. एखादीचे खुरपे चुकून दुसरीच्या हाती गेले, तर अर्धी ओळ होईतो ती म्हणते, "अगं, हे माझं न्हवं." गवत तसेच निघत असते. पण हात रुसतो. आज ज्या वाद्याची हकिगत सांगणार आहे, त्याचा जवळजवळ सगळा इतिहास या रुसव्याभोवती फिरतो. ते वाद्य म्हणजे बेस गिटार.

जत्रेत किंवा गणपतीत ऑर्केस्ट्रा येतो, तेव्हा मागे एका बाजूला लांब दांडीची, चार जाड तारांची गिटार घेऊन एकजण उभा असतो. त्याच्याकडे कुणी बघत नाही. बघतात गाणाऱ्याकडे, फार तर ढोलकीवाल्याकडे. पण मागच्या त्या माणसाने हात थांबवला, तर गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते. तो खर्ज धरून असतो. त्याच्या चारांतली सर्वांत जाड तार सेकंदाला ४१ वेळा कापते, सर्वांत बारीक ९८ वेळा. एवढा खालचा स्वर कानापेक्षा छातीलाच अधिक कळतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशा एका ऑर्केस्ट्रात हे वाद्य वाजवते. नववीत माझ्याकडे विज्ञानाला होती. दोन वर्षांमागे घरी आली, म्हणाली, "सर, हात भरून येतो. तिसऱ्या गाण्यानंतर करंगळी उचलत नाही."

"मग लहान वाद्य घे की."

"घेतलं होतं एकाचं मागून. मालकांना आवाज आवडला नाही. म्हणाले, खर्ज बसत नाही. वर म्हणाले, हे गड्याचं वाद्य हाय, तू आपली कोरसला उभी रहा." मग जरा थांबून म्हणाली, "आवाज तोच पायजे, सर. फक्त दांडी माझ्या हाताची पायजे."

मला संगीतातले फारसे कळत नाही. पण प्रश्न चांगला होता, आणि मास्तराला प्रश्न चांगला मिळाला की झोप लागत नाही. म्हणून या वाद्याचा माग काढत गेलो, तेव्हा असे ध्यानात आले की तिने विचारले तेच शंभरएक वर्षे अनेकांनी विचारले आहे. नव्हे, हे वाद्य जन्माला आले तेच मुळी या प्रश्नातून.

त्याआधी पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जासाठी डबल बेस नावाचे वाद्य असे; अजूनही आहे. व्हायोलिनच्या घराण्यातले सर्वांत थोरले भावंड. माणसाहून उंच, लाकडी, पोकळ. उभे राहून, त्याला मिठी मारल्यासारखे धरून वाजवायचे. आवाज घनगंभीर; पण बिऱ्हाड मोठे. ते बैलगाडीत चढवा की मोटारीत, दुसऱ्याला जागा उरत नाही. अमेरिकेत सिअॅटल शहरी पॉल टटमार्क नावाचा वादक होता. डबल बेसवाल्या बिचाऱ्याला आपल्या वाद्यासोबत एकट्यालाच वेगळ्या गाडीतून यावे लागते, बाकीचे मात्र गप्पा मारत एकत्र येतात, हे पाहून त्याला वाईट वाटे, असे सांगतात. १९३०च्या दशकाच्या मध्यास त्याने आडवी धरून वाजवायची, विजेवर चालणारी, पडदे असलेली बेस गिटार करून विकायला काढली. कल्पना बरोबर होती, पण काळ आला नव्हता. ती फारशी खपली नाही आणि लोक विसरूनही गेले.

काळ आला तो १९५१ साली, आणि तो आणला रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने. रेडिओवरच्या भाषणात एवढे ठासून सांगण्याचा मोह मला आवरत नाही. लिओ फेंडर हे त्याचे नाव. जन्म १९०९चा, कॅलिफोर्नियातला; आईबापांची संत्र्यांची बाग होती. लहानपणीच एक डोळा गेला. शिकला हिशेबनिसी, काही वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरीही केली, आणि १९३८ साली फुलर्टन गावात रेडिओ-दुरुस्तीचे दुकान टाकले. विशेष म्हणजे या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती. ज्याच्या नावाची गिटार जगभर गेली, त्याला ती लावताही येत नसे! पण दुकानात वादक येत, त्यांचे ध्वनिवर्धक बिघडलेले असत, आणि लिओ त्यांचे म्हणणे ऐकून घेई. काय खुपते, काय तुटते, काय ऐकू येत नाही, याचीच त्याला गोडी. मला वाटते, स्वतःला वाजवता येत नव्हते हे त्याच्या पथ्यावरच पडले. ज्याला येते तो आपला हात हाच सर्वांचा हात समजतो.

त्या वेळच्या डबल बेसवाल्यांची तक्रार दुहेरी होती. एक तर बाकीची वाद्ये विजेवर गेल्यामुळे, आणि ढोल-झांजांच्या गोंगाटात, त्यांचा आवाज कुणालाच ऐकू येईना. दुसरी तक्रार ओझ्याची. लिओने १९५१च्या उत्तरार्धात एक सपाट, भरीव लाकडी फळी घेतली, तिला लांब दांडी जोडली, दांडीवर सतारीसारखे पडदे बसवले. फरक एवढाच की सतारीचे पडदे सरकवता येतात, हे दांडीत घट्ट ठोकलेले. डबल बेसच्या दांडीला पडदे नसतात; बोट केसभर चुकले की स्वर बेसूर. इथे पडद्यामागे बोट कुठेही टेका, स्वर नेमका. म्हणून नाव ठेवले प्रिसिजन बेस, म्हणजे बिनचूक बेस. साधा गिटारवालाही हे वाद्य उचलून वाजवू शकेल, हा लिओचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, या वाद्यासाठी मुद्दाम केलेला बेसमन नावाचा ध्वनिवर्धकही त्याने काढला.

आता शिक्षक मित्रांसाठी थोडे गणित. डबल बेसची तार, वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत, साधारण ४२ इंच असते. लिओने ती ३४ इंच ठेवली. याचा बोटांवर काय परिणाम होतो ते फळ्यावर आखून दाखवा. पहिल्या अर्ध्या स्वरासाठी डबल बेसवर बोट सुमारे ६ सेंटिमीटर पुढे न्यावे लागते. ३४ इंची तारेवर ४.८५ सेंटिमीटर. पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर डबल बेसच्या मापाने १६ सेंटिमीटर होईल, फेंडरच्या वाद्यावर ते १३ होते. मुलांना फळ्यावर हात ठेवून पाहू द्या, तर्जनी एका खुणेवर आणि करंगळी दुसऱ्या खुणेवर. १६वर बहुतेकांचे हात हरतील. १३वर काहींचे पोचतील, पण ताणून. माझ्या विद्यार्थिनीचा हात या काहींतला.

आवाज येतो तो कुठून? फळी भरीव आहे, भोपळा नाही, पोकळी नाही. तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिक-अप म्हणतात. पोलादी तार त्यावर कापली की वेढ्यांत वीज खेळते. सायकलचा डायनामो आठवा, तत्त्व तेच. मग ती वीज ध्वनिवर्धकात जाऊन मोठी होते. एकतारी वाजवणाऱ्याला ठाऊक असते की तार घोडीजवळ छेडली तर कडक बोलते, मध्याकडे छेडली तर गोल. पिक-अपचेही तसेच. तो घोडीजवळ बसवला तर आवाज टणटणीत, दांडीकडे सरकवला तर घुमारेदार. प्रिसिजनमध्ये त्याला अशा जागी बसवले आहे की आवाज भरीवही राहतो आणि स्पष्टही. १९५७ साली लिओने त्याचे दोन तुकडे केले, दोन जाड तारांना एक आणि दोन बारीक तारांना एक, एकमेकांपासून जरा सरकवलेले, वेढे उलट दिशांनी. त्यामुळे विजेची घरघर थांबली. हा १९५७चा आवाज म्हणजे पुढे साऱ्या जगाने बेस गिटारचा आवाज म्हणून मानलेला आवाज. ऑर्केस्ट्राच्या मालकांच्या कानातही हाच बसलेला होता, त्यांना नाव ठाऊक नसले तरी.

आवाज लोकांनी लौकर स्वीकारला. हात मात्र सहज वळले नाहीत. लायनेल हॅम्प्टनच्या जाझ वाद्यवृंदात मंक मॉन्टगोमेरी नावाचा वादक आला. तो डबल बेसवाला, पण हॅम्प्टनला हवी होती नवी विजेवरची बेस. मॉन्टगोमेरीला ती आधी मनापासून रुचली नव्हती. तरी १९५३मध्ये ती घेऊन तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, आणि जाझमध्ये हे वाद्य रुजवणाऱ्यांत आज त्याचे नाव आहे. एल्व्हिस प्रेस्लीचा साथीदार बिल ब्लॅक याची गोष्ट तर अधिक बोलकी. तोही जुना डबल बेसवाला. १९५७ साली एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात नव्या बेसवर त्याला सुरुवातीचा तुकडा जमेना, तेव्हा संतापून त्याने ती खाली टाकली आणि बाहेर चालता झाला. ती उचलून एल्व्हिसने स्वतःच तो भाग वाजवला, असे सांगतात. मला यात बिल ब्लॅकला हसावेसे वाटत नाही. वीस वर्षे नांगर धरलेल्या माणसाला एका सकाळी ट्रॅक्टरवर बसवले आणि सरळ तास पडला नाही, तर दोष कुणाचा?

याच्या नेमकी उलटी गोष्ट डेट्रॉइट शहरात घडली. तिच्यापाशी थोडा वेळ थांबतो, कारण सगळ्या कहाणीत मला सर्वांत जवळचा वाटला तो हा माणूस.

जेम्स जेमर्सन. जन्म १९३६चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या साउथ कॅरोलायना प्रांतातला, कृष्णवर्णीय कुटुंबातला. लहानपणी जमिनीत काठी रोवायची, तिला रबर बांधायचे आणि ते छेडत बसायचे, असा त्याचा खेळ होता म्हणतात. जमिनीतल्या मुंग्यांना नाचवतो आहे, असे सांगायचा. आपल्याकडे तुणतुण्याची सुरुवात याहून फार वेगळी झाली नसेल. १९५४मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि तिथे डबल बेस शिकला. पुढे मोटाउन नावाच्या ध्वनिमुद्रिका कंपनीत वाजवू लागला. कंपनी एका साध्या राहत्या घरात होती, ध्वनिमुद्रणाची खोली इतकी अडचणीची की वादक तिला सापांचे बीळ म्हणत. त्या बिळातून जी गाणी निघाली ती अमेरिकेत घरोघर गेली, आणि त्यांतल्या असंख्य गाण्यांत खर्ज जेमर्सनचा.

त्याच्या हाती १९६२ची प्रिसिजन होती. वाद्य नवे होते, पण त्याने आपली मूठ बदलली नाही. जुनी मूठच नव्या पात्याला बसवली. डबल बेससारख्या जाड, गुळगुळीत पट्टीने मढवलेल्या तारा लावल्या. त्या दांडीपासून इतक्या उंच ठेवल्या की दुसऱ्या कुणी दाबायच्या म्हटल्या तर बोटे सोलून निघावीत. घोडीजवळ स्पंजाचा तुकडा, म्हणजे स्वर उमटला की लगेच विरावा. तुटल्याशिवाय तार बदलायची नाही, अशी त्याची रीत सांगतात. मळात आवाज असतो म्हणे. आणि हे सगळे वाजवायचे उजव्या हाताच्या एकाच बोटाने, तर्जनीने. त्या बोटाला साथीदार आकडा म्हणत, विहिरीतून बादली काढायला वापरतो तसला आकडा.

दुकानातले कुणी त्या वाद्याला हात लावून "हे चांगले वाद्य" म्हणाले नसते. आणि तरी जगातल्या बेसवादकांना हवा असतो तो आवाज त्याच वाद्याचा. आता बघा, किती लोकांनी १९६२ची प्रिसिजन शोधून काढली असेल, त्याच तारा लावल्या असतील, त्याच उंचीवर! बोटे सोलली, पण जेमर्सन आला नाही. आवाज काही अंशी पिक-अपमध्ये असतो, काही अंशी तारेत, आणि उरलेला, तो किती हे मोजता येत नाही, बोटात. गावातल्या एकाच संबळावर बाप आणि मुलगा वाजवतात, आणि कुठला बाप हे अंधारात कळते ना, तसे.

मोटाउनच्या तबकड्यांवर साथीदार वादकांची नावे बरीच वर्षे छापत नसत. जेमर्सनचे नाव ठळकपणे आले ते १९७१मधल्या मार्विन गेच्या तबकडीवर. १९८३मध्ये कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला, तेव्हा तो तिकीट मिळवून मागे सज्जात बसला होता, अशी हकिगत आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो वारला. मरणापूर्वी थोडेच दिवस ती १९६२ची गिटार चोरीला गेली. ती काही सापडली नाही.

गड्याचे वाद्य म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक नाव सांगायला हवे. कॅरल के. या मूळच्या गिटारवादक, लॉस एंजलिसमध्ये ध्वनिमुद्रणात वाजवत. १९६३मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही, म्हणून यांना बेस हाती घ्यायला सांगितले. घेतली, आणि मग ती त्यांच्याकडेच राहिली. वाद्य तेच, फेंडरची प्रिसिजन. पण जेमर्सन एका बोटाने छेडायचा, तर या गिटारवाल्यांप्रमाणे नखीने छेडायच्या, आणि तारांवर नमद्याचा तुकडा लावून घुमारा आटोक्यात ठेवायच्या. १९६०च्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांत आणि चित्रपटांत त्यांचा खर्ज किती ठिकाणी आहे, त्याची मोजदाद करणेही अवघड. एकच वाद्य, एकाने त्यावर डबल बेसची मूठ बसवली, एकीने गिटारची.

ज्यांना अशी आपली रीत बसवता येत नव्हती, ते वाद्यच बदलून मागू लागले. लिओ ऐकणारा माणूस. १९५४ साली त्याने प्रिसिजनच्या टोकदार कडा घासून गोल केल्या, कारण भरीव फळीच्या कडा बरगड्यांत रुततात ही वादकांची तक्रार. १९६० साली त्याने दुसरे वाद्यच काढले, जाझ बेस. हिची दांडी वरच्या टोकाला दीड इंच रुंद, जिथे प्रिसिजनची होती पावणेदोन. पाव इंच म्हणजे काय, असे वाटेल. पण दांडी मुठीत धरून चार तारांवर बोटे पसरायची असतात. तिथे पाव इंच म्हणजे बुटाचा एक नंबर. लहान हातांना जाझ बेस एकदम मानवली.

पण एक झाले. जाझ बेसला पिक-अप दोन, त्यांतला एक घोडीजवळ. त्यामुळे आवाज वेगळा. जरा नाकातला, गुरगुरणारा, अंगी चपळाई असलेला. तो सुंदरच आहे, त्यावर पुढे मोठमोठे वादक तयार झाले. तरी तो प्रिसिजनचा आवाज नव्हे. म्हणजे काय परिस्थिती झाली पाहा: ज्याला तो भरीव आवाज हवा, त्याने जाड दांडी सोसावी, ज्याला बारीक दांडी हवी, त्याने दुसरा आवाज पत्करावा.

मग आखूड वाद्य घ्यावे का? तोही मार्ग होता. जर्मनीतल्या होफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस १९५६ पासून मिळू लागली. तिची तार ३० इंचांची. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१मध्ये हॅम्बुर्गला तीच घेतली. परवडणारी होती, आणि ते डावखुरे असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असलेले वाद्य उलटे धरले तरी वेडेविद्रे दिसत नव्हते. ही गिटार १९७२मध्ये लंडनला चोरीस गेली आणि पन्नासावर वर्षांनी परत मिळाली. २०२४मध्ये ती बातमी जाहीर झाली. फेंडरनेही १९६६मध्ये ३० इंची मस्टँग बेस काढली.

आखूड तारेवर हात सुखावतो, यात शंका नाही. पहिला ते चौथा पडदा हे अंतर साडेअकरा सेंटिमीटरवर येते. परंतु इथे निसर्गनियम आडवा येतो. तार तीच, स्वर तोच ठेवून लांबी कमी केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. ३४च्या जागी ३० केले की ताण सुमारे २२ टक्क्यांनी घटतो. तार सैल बोलते. आवाज मऊ, डुबडुबीत होतो. शाळेत सोनोमीटर असेल तर तारेखालची पाचर सरकवून आणि वजने बदलून हे करून पाहता येईल. पुष्कळांना हाच मऊपणा आवडतो. पण ऑर्केस्ट्राच्या मालकांना "खर्ज बसत नाही" असे जे वाटले, ते अगदीच खोटे नव्हते. त्यांचा कान बरोबर होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा.

आपल्या मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांनाही हा पेच ठाऊक आहे. पुरुषांचा तानपुरा मोठा आणि स्त्रियांचा लहान, पण तिथे स्वरही उंच केलेला असतो, म्हणून निभते. प्रवासासाठी चपटी तानपुरी करतात, ती सोयीची. भोपळ्याच्या घुमाऱ्याची आठवण मात्र येतेच.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीतही हे वाद्य असेच आले. तिथल्या वाद्यवृंदांत गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा मोठा भरणा. चर्चच्या शाळांत पाश्चात्य स्वरलेखन शिकलेली ही मंडळी, त्यांनी आधी डबल बेस वाजवला, मग विजेवरची बेस आली. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांत तर ती पुढे येऊन बोलू लागली. त्यांच्याकडचे टोनी वाझ हे नाव जाणकार अजून घेतात. आपण मात्र ती गाणी गुणगुणताना खर्ज कधी गुणगुणत नाही.

आता पुन्हा फुलर्टनला जाऊ, कारण माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर तिथे आधीच करून ठेवलेले होते.

जुन्या गिटारीत दांडी पेटीला सरसाने कायमची चिकटवत. ती वाकली किंवा मोडली तर निष्णात कारागीर गाठावा लागे. लिओ हा दुरुस्तीवाला; जे उघडता येत नाही ते त्याला पटत नसे. त्याने दांडी चार स्क्रूंनी आवळली. बस. चार स्क्रू काढले की दांडी हातात. कारागीर मंडळी नाके मुरडत; हे काय वाद्य, की खुर्ची? आणि पुढे १९६० साली जाझ बेस करताना तारेची लांबी तीच, ३४ इंच; पडदे तेच, २०; आणि पेटीत बसणारे खालचे टोकही त्याच रुंदीचे. अरुंद केले ते फक्त वरचे टोक. याचा अर्थ, जाझची दांडी प्रिसिजनच्या पेटीत जशीच्या तशी बसते! पिक-अप पेटीत आहे, घोडी पेटीत आहे, तारेची लांबी बदललेली नाही, म्हणजे ताणही तोच. आवाजाचे घर शाबूत. बदलते फक्त मूठ.

वादकांनी हे फार लौकर हेरले. पुढे कंपनीकडूनच प्रिसिजन अरुंद दांडीसह मिळू लागली, आणि जपानमध्ये १९८०च्या दशकात तशा जोडणीची वाद्ये मुद्दाम तयार झाली.

लिओचे पुढे काय झाले, तेही सांगतो. प्रकृती बरी नव्हती म्हणून जानेवारी १९६५मध्ये त्याने कंपनी सी. बी. एस.ला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. बरा झाल्यावर मात्र स्वस्थ बसवेना. म्युझिक मॅन कंपनीत १९७६मध्ये स्टिंगरे बेस निघाली, तिच्या पोटात बॅटरीवर चालणारा छोटा वर्धक. मग १९८०च्या सुमारास जी अँड एल काढली, आणि आपली सर्वांत चांगली वाद्ये हीच, असे तो म्हणे. लोक मात्र १९५७ आणि १९६२ची जुनी वाद्ये जमिनीच्या भावाने घेत राहिले. म्हातारा शेवटपर्यंत रोज कामावर जात होता. २१ मार्च १९९१ रोजी तो वारला. आदल्या दिवशीही तो आपल्या बाकापाशी होता.

विद्यार्थिनीला मी एवढेच विचारले, "तुझ्या गिटारीची दांडी मागून बघ. स्क्रू आहेत का?" तिची गिटार काही फेंडरची नव्हे, प्रिसिजनच्या नमुन्यावरची स्वस्तातली. दुसऱ्या दिवशी फोन आला, "चार आहेत, सर." नमुना करणाऱ्याने मापेही तीच घेतली होती. जाझच्या मापाची दांडी मुंबईहून मागवायला दोन महिने गेले. आली ती खालच्या टोकाला कागदाएवढी घट्ट. तालुक्याच्या सुताराने काचकागदाने घासून बसवली. त्याने पैसे घेतले नाहीत, म्हणाला, "कुदळीला दांडा बसवतो, तसंच हाय की."

बोटे दुखायची पंधरा दिवसांत थांबली नाहीत, महिना लागला. पडद्यांची अंतरे तीच आहेत, करंगळीला अजून ताण पडतोच. पण मूठ मिटते आणि अंगठ्याला आधार मिळतो, तेवढ्याने तीन तासांचा कार्यक्रम निभतो. यंदाच्या जत्रेत मी मागे, बांधावर बसून ऐकत होतो. मला आवाजात फरक कळला नाही. मालकांनाही कळलेला नाही. गेल्या महिन्यात ते तिला म्हणाले, "बघ, म्हटलं होतं ना, सवयीनं जमतंय." दांडी बदलल्याचे तिने त्यांना अजून सांगितलेले नाही. आज त्यांचा रेडिओ सुरू असेल, तर आता कळले असेल.